आधी फाइल कोण वाचतंय ते बघ

चि. सोनू,


सर्व्हरवरच्या लॉगबॅकच्या फाइलमध्ये लेव्हल डीबग केलीस, टॉमकॅट परत सुरू केलास, तरी लॉग जसाच्या तसा. आणि मग त्याच एक्सएमएलमध्ये रात्रभर खाडाखोड करत बसलास. बाळा, ती फाइल आता मिटून ठेव. तिच्यात काय चुकलंय हा नंतरचा प्रश्न. आधी ती कोणी उघडतंय का, ते बघ.

लॉगबॅकची रीत अशी, की ‘लॉगबॅक डॉट कॉन्फिगरेशनफाइल’ या सिस्टिम प्रॉपर्टीत दिलेली फाइल सापडली नाही, तरी तो अडून बसत नाही. क्लासपाथवर लॉगबॅक डॉट एक्सएमएल शोधतो, आणि ती तुमच्या वॉरमध्ये आहेच. अ‍ॅप्लिकेशन सुरळीत चालतं, लॉगही येतो, फक्त आतल्या फाइलच्या हुकमाने. म्हणून हा दोष फार फसवा. लॉगफोरजे टूमध्ये निदान लक्षण तरी दिसतं: एकही कॉन्फिग मिळाली नाही, तर तो फक्त एरर तेवढे कन्सोलवर टाकतो आणि बाकी सगळं गप्प.

तेव्हा लॉगबॅकलाच बोलतं कर. ‘लॉगबॅक डॉट स्टेटसलिसनरक्लास’ या प्रॉपर्टीत ऑनकन्सोलस्टेटसलिसनरचं पॅकेजसकट पूर्ण नाव दे. सुरू होताना त्याने कोणती फाइल कुठून उचलली, ते कन्सोलवर छापून येईल. पाथमध्ये वेब-इन्फ आणि क्लासेस दिसलं, की समज, तुझी बाहेरची फाइल त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही.

आणि यातलं काहीच छापलं गेलं नाही, तर बहुधा तुझ्या प्रॉपर्टीच जेव्हीएमपर्यंत गेलेल्या नाहीत. जेसीएमडीला प्रोसेसचा नंबर आणि ‘व्हीएम डॉट कमांड_लाइन’ दे. चालू जावा नेमका कोणत्या ऑप्शननी उठलाय ते दिसेल. ही कमांड टॉमकॅट ज्या युजरने चालतो त्याच युजरने चालव. बहुतेक गोम इथेच सापडते. सेटएन्व्ही डॉट एसएच वाचतो तो कॅटॅलिना डॉट एसएच. सर्व्हिस थेट जावाला हाक मारत असेल, तर ती फाइल कोणी बघतच नाही. बॅशआरसीमधलं एक्स्पोर्टही सिस्टिमडीच्या सर्व्हिसला दिसत नाही. तुझ्या लॅपटॉपवर चालतं आणि सर्व्हरवर नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

पाथ नेहमी स्लॅशपासून पूर्ण लिही. अर्धवट पाथ प्रोसेसच्या चालू डिरेक्टरीपासून मोजला जातो, आणि सर्व्हिसची डिरेक्टरी तुझी नसते.

परवानगीची शंका आली तर ‘सुडो -यू टॉमकॅट कॅट’ करून ती फाइल वाचून बघ. ७७७ मात्र देऊ नकोस, कृपा करून. त्याने दार सताड उघडं पडतं आणि कारण झाकलेलंच राहतं. उबुंटूवर पॅकेजमधून टाकलेला टॉमकॅट ९ असेल, तर त्याच्या सर्व्हिसमध्ये ‘प्रोटेक्टसिस्टिम स्ट्रिक्ट’ असतं: लॉग लिहायला त्याचं स्वतःचं लॉगचं फोल्डर मोकळं, पण तू बनवलेलं वेगळं फोल्डर त्याला रीड-ओन्ली, मग मोड काहीही ठेव. तिथे सर्व्हिसच्या ओव्हरराइडमध्ये ‘रीडराइटपाथ्स’ वाढवावं लागतं.

सिस्टिम प्रॉपर्टी अख्ख्या जेव्हीएमची असते, हेही ध्यानात ठेव. त्याच टॉमकॅटवर तुमचं दुसरं वॉर लॉगबॅकच वापरत असेल, तर तेही हीच फाइल उचलेल आणि दोघं एकाच लॉगवर लिहायला लागतील. काम झालं की डीबग आठवणीने उतरव. डीबगच्या लॉगमध्ये लोकांचे टोकन आणि फोन नंबर सहज सांडतात.

उद्या आधी कन्सोलवरची ती ओळ आणि कमांड-लाइन, एवढंच मला पाठव. एक्सएमएल पाठवू नकोस, त्याकडे मागाहून बघू. आणि आज वेळेवर जेव.

तुझी,
मावशी