नव्याचा दहावा दिवस

नव्याचे नऊ दिवस, एवढं सांगून आपले पूर्वज थांबले. दहाव्या दिवशी काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. आपल्याकडे दहाव्या दिवसाला जो अर्थ आहे तो लक्षात घेता हे बरंच झालं म्हणायचं. पण मोटार घेणाऱ्या माणसाचा सगळा जीव त्या दहाव्या दिवसातच अडकलेला असतो. नऊ दिवस काय, कुठलीही गाडी चालते. प्रश्न असतो तो पंधराव्या वर्षाचा.

माझा भाचा टेक्सासात असतो. दोन मुलं, वर्षाआड सहा महिने राहायला जाणारे आईवडील आणि त्यांच्याबरोबर जाणारं लोणचं, एवढा त्याचा संसार. त्याला शेव्हरोलेट सबर्बन घ्यायची आहे. तीन रांगा, आठ माणसं आणि मागे पुन्हा सामानाला जागा! हिला गाडी म्हणणं म्हणजे वाड्याला खोली म्हणणं. किंमत साठ हजार डॉलरांच्या पुढे. "मामा, तुम्ही बँकेत इतकी वर्षं कर्जदार पारखताय. ही गाडी टिकेल की नाही, ते कसं ओळखायचं?" असं त्याने विचारलं.

वरवर हा प्रश्न मोटारीचा दिसतो, पण आहे तत्त्वज्ञानाचा. आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पैकी उपमान, म्हणजे शेजाऱ्याच्या गाडीशी तुलना. तिने ज्ञान कमी आणि जळफळाट जास्त होतो, म्हणून ते सोडून देऊ.

प्रत्यक्षाचं म्हणाल, तर गाडी पंधरा वर्षं टिकते हे पंधरा वर्षांनीच दिसतं. तोवर ते मॉडेल दुकानातून गेलेलं असतं. म्हणजे जी भरवशाची ठरली ती नवी नाही आणि जी नवी ती अजून ठरलेली नाही.

राहिलं अनुमान. म्हणजे घराणं बघायचं. सबर्बन हे नाव १९३५ सालापासून चालू आहे. एवढं जुनं खानदान पाहून कुणीही डोळे मिटून मुलगी द्यावी! पण एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनाच्या, २०२१ ते २०२४ मॉडेलच्या जवळजवळ सहा लाख गाड्या एकट्या अमेरिकेत परत बोलावल्या. त्यांत सबर्बनही होती. कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट यांच्या घडणीतच दोष होता आणि त्यामुळे चालत्या गाडीचं इंजिन बंद पडू शकत होतं. तपासणीत ज्या गाड्या पास झाल्या, त्यांना जास्त दाट ऑइल, ऑइलचं नवं झाकण आणि नवा फिल्टर मिळाला. पास झालेल्या मुलालाच शिकवणी लावावी, तसा हा प्रकार. तात्पर्य, नाव आजोबांचं असलं तरी इंजिन नातवाचं असतं.

शेवटी शब्द, म्हणजे जाणत्यांचं सांगणं. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही १९३६ सालची संस्था. ती सभासदांना दरवर्षी त्यांच्या गाड्यांची हकिगत विचारते. पण नव्या मॉडेलबद्दल तिलाही मागच्या वर्षांवरून भाकीतच करावं लागतं. जे. डी. पॉवर या कंपनीची टिकाऊपणाची पाहणी असते तीन वर्षं वयाच्या गाड्यांची. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात हे खरं. पण म्हणून बालवाडीतल्या मुलाच्या चारित्र्याचा दाखला कुणी मागत नाही.

यावर सगळे अनुभवी लोक एकच सल्ला देतात : पहिल्या वर्षाचं मॉडेल घेऊ नये. सल्ला शहाणपणाचा आहे. पण तो सगळ्यांनीच पाळला तर? पहिल्या वर्षी कुणी गाडी घेणार नाही, म्हणून तिचे दोष कुणाला कळणार नाहीत आणि दुसरं वर्ष उजाडणारच नाही! म्हणजे थांबणाऱ्याच्या शहाणपणाचे हप्ते पहिलं गिऱ्हाईक भरत असतं. वर आपण त्यालाच उतावळा म्हणतो. हे काही मला बरोबर वाटत नाही.

आमच्या कर्ज विभागातही हेच चालतं. पहिल्यांदा येणाऱ्याला आम्ही विचारतो, "यापूर्वी कर्ज फेडलंय का?" तो म्हणतो, "साहेब, यापूर्वी कुणी दिलंच नाही." शेवटी कुणीतरी आधी द्यावं लागतं, तेव्हा तो भरवशाचा आहे की नाही हे कळतं. मात्र बँक डोळे मिटून देत नाही. पैसे बुडाले तर आपण बुडणार नाही ना, हे आधी बघते. आणि हप्ता चुकला तर हा माणूस समोर येईल की दिवा मालवून घरात बसेल, याचाही अंदाज घेते.

भाच्याला मी तेच कळवलं. म्हटलं, बाबा रे, कंपनीची इंजिनाची हमी पाच वर्षं किंवा साठ हजार मैल, यांतलं जे आधी संपेल ते. तुझं कर्ज सात वर्षांचं. म्हणजे शेवटची दोन वर्षं हमी संपलेली असेल, पण हप्ता चालूच राहील. त्या दोन वर्षांत इंजिन गेलं, तर मुलांच्या शिक्षणाच्या पैशाला हात न लावता निभेल का? निभत असेल तर खुशाल घे. नसेल तर कुणीतरी तीन वर्षं वापरलेली घे आणि त्या कुणाचे तरी मनातल्या मनात आभार मान.

आभार मानायला आपल्यालाही हरकत नाही. आपण सगळेच कधीतरी पहिल्या वर्षाचं मॉडेल होतो. नोकरीत घेणाऱ्या साहेबाने आपली कुठली पाहणी वाचली होती? माझ्या सासऱ्यांनीसुद्धा माझं घराणं पाहिलं होतं, इंजिन नाही. शिवाय परत बोलावण्याची सोय त्या व्यवहारात नव्हती. बायको अधूनमधून दाट ऑइल घालते आणि गाडी चालली आहे.