पत्र्याची शेड आणि उतारशाळा



बेघराला छप्पर दिले की आपले कर्तव्य संपते का? हा प्रश्न धाराशिवकरांना पुस्तकातून पडलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. नाव किल्लारीचे झाले, पण सास्तूर, होळी ही आपल्या जिल्ह्यातील गावेही त्याच पहाटे जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे घरच माणसांच्या अंगावर आले.

मग पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. तात्पुरत्या म्हणून. उन्हात तापणाऱ्या, पावसात वाजणाऱ्या. कित्येक कुटुंबांची त्यांत वर्षे गेली. त्यांना नावे ठेवू नयेत, त्या शेडनी माणसे जगवली. पण निवाऱ्यात माणूस मदतीच्या गाडीची वाट पाहतो, आणि घरात उद्याचा बेत करतो.

लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी जखमी वाटसरूला उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो, जास्त लागले तर परत येताना भरीन म्हणतो. प्रवचनात आपण बहुधा तेल आणि द्राक्षारसापाशीच थांबतो. दिनारांचा विचार करायला हवा. तो वाटसरू तिथे कायमचा राहणार नव्हता. तो स्वतःच्या पायांनी बाहेर पडेपर्यंतचा खर्च त्या शोमरोन्याने अंगावर घेतला होता.

शासनाने ५२ गावे नव्या जागी वसवली. घरे जमिनीच्या मापाने दिली: भूमिहीन व अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४५०, मोठ्याला ७५०. ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. पण ‘ज्याचे’ ठरवायचे कशाने? मोठ्या शेतकऱ्याला धान्याला, बैलांना जागा लागते, हे खरे. तरीही सहा लेकरांच्या मजुराला सर्वांत लहान घर मिळावे, हे आम्हाला पटत नाही. काय गमावले याआधी काय गरज आहे, ते पाहायला हवे होते.

दुसरी एक योजना मात्र शिकण्यासारखी होती. जी गावे हलवायची नव्हती, तिथल्या सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचे पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्याच बँक खात्यात गेले. सिमेंट त्याने आणायचे, गवंडी त्याने ठरवायचा, अभियंत्याने सल्ला द्यायचा. गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या. माणसाला स्वतः करता येते ते वरच्याने हिरावून घेऊ नये, असे पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली लिहिले होते. इथे ते तत्त्व विटा-वाळूत उतरलेले दिसले. काम हळू झाले असेल, चुकाही झाल्या असतील. पण खर्चाचा हिशेब त्या घरच्या बाईला तोंडपाठ होता.

आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला कुटुंबे निघतात आणि कारखान्याच्या आवारात पाचटाच्या कोपीत पाच-सहा महिने काढतात. तिथे भूकंप झालेला नाही. पुढच्या वर्षी तेच कुटुंब पुन्हा तशाच कोपीत जाते, बरोबर त्याच उचलीचे कर्ज. या कोपीला तात्पुरती म्हणायचे, ते कोणत्या हिशेबाने?