मैत्री द्यायची, पण कोणाला?



रविवारी चलथाणच्या सामूहिक साधनेनंतर एका ताईंनी विचारलं, "सगळ्या जगाला मैत्री देता येते हो, पण गावच्या जमिनीवरून भांडलेला दीर आठवला की छातीत गाठ येते. मग माझी साधना खोटी का?" आम्ही गप्पच झालो. खानदेशातून पोटासाठी इकडे आलो, वाटणीची भांडणंही बोचक्यात बांधून आणली. किती घरांत ही गाठ आहे!

खोटी नाही, ताई. गोयंका गुरुजींच्या 10 दिवसांच्या शिबिरात मैत्री दहाव्या दिवशी शिकवतात. आधी श्वास, संवेदना. राग आहे हे आधी दिसू तर द्या.

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' ग्रंथात क्रमच लावून दिलाय. आधी स्वतःला मैत्री (हे तर आपण विसरतोच), मग आदराच्या, प्रेमाच्या माणसाला, मग ना आपला ना परका अशाला, आणि वैऱ्याला सगळ्यात शेवटी. राग उसळला तर मागे फिरून पुन्हा आधीच्या माणसाकडे यायचं. म्हणजे मागे येणं हे हरणं नव्हे, तीही साधनाच.

ताई सध्या रोजच्या दूधवाल्यापर्यंत पोहोचल्यात. दिराची पाळी अजून यायची आहे.