भिंतीआडची ओल

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत ऑक्टोबर आला की अनेक घरांसमोर कॅम्पिंग ट्रेलर विकायला उभे राहतात. हिवाळाभर तो सांभाळायचा म्हणजे जागेचे भाडे आले, नळ्यांत पाणी गोठून त्या फुटू नयेत म्हणून करायची खटपट आली. त्यापेक्षा आत्ताच विकलेला बरा. मिशिगन, ओहायो, न्यू जर्सीकडची तरुण मराठी कुटुंबेही गिऱ्हाइकांत असतात. घरात लहान मुले, उन्हाळ्यात मुक्कामाला येणारे आजी-आजोबा. त्यांना तंबूत जमिनीवर झोपणे झेपत नाही आणि रोज हॉटेल परवडत नाही. नवा ट्रेलर हप्त्यांचे ओझे घेऊन येतो. जुना, घडीचा, कापडी भिंतींचा पॉप-अप मात्र काही हजार डॉलरांत मिळून जातो.

या सौद्यात खरा घात करते ते पाणी. पक्क्या भिंतींच्या ट्रेलरला बाहेरून ॲल्युमिनियम किंवा फायबरग्लास असते, पण जुन्या ट्रेलरांत आतला सांगाडा बहुधा लाकडाचाच. छपराच्या सांध्यांतले, खिडक्यांच्या कडांचे सीलंट उन्हाने तडकते, थेंब थेंब पाणी आत मुरते आणि बाहेरचा पत्रा चकचकीत असतानाच लाकूड कुजत जाते. कोपऱ्यात पाय दाबला तर जमीन मऊ लागते, फायबरग्लासला फुगवटा येतो. जाणकार माणूस हे हाताने चाचपतो, ओल मोजायचे यंत्र लावून बघतो. पहिलाच ट्रेलर घेणाऱ्या आईबापांना दिसतो तो नवा रंग, उशांचे नवे अभ्रे आणि आनंदाने वरच्या बिछान्यावर चढलेली पोरे. पावसात बादली कुठे ठेवावी लागते, हे ठाऊक असते फक्त विकणाऱ्याला.

टायरांचेही तसेच. ट्रेलर वर्षातले बरेच महिने एका जागी उभा असतो, त्यामुळे टायरची नक्षी कोरी दिसते, पण आतले रबर म्हातारे झालेले असते. टायरवर कोरलेल्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे त्याचा जन्म सांगतात: 2316 म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. आणि वजन! 'तुमची मिनीव्हॅन सहज ओढेल,' असे किती सहज म्हटले जाते. अनेक मिनीव्हॅनची ओढण्याची मर्यादा साडेतीन हजार पौंडांच्या आसपास असते आणि माहितीपत्रकातले वजन रिकाम्या ट्रेलरचे असते. पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो तिथेच वाढले. मग सामान, गॅसचे सिलिंडर, बॅटरी. उतारावर हे वजन गाडीला मागून ढकलू लागते, तेव्हा मागच्या सीटवर मुले असतात. म्हणून 'सहज ओढेल' हे वाक्य मला विक्रीच्या भरात बोललेले साधे वाक्य वाटत नाही.

अमेरिकेत एका माणसाने दुसऱ्याला जुनी वस्तू 'आहे त्या स्थितीत' विकली की कायदा बहुतेक वेळा हात आखडता घेतो. आपल्याकडची मांडणी विचार करायला लावणारी आहे. 1930 च्या वस्तुविक्री कायद्यात काही अपवाद सोडले तर माल नीट पाहून घेण्याची जबाबदारी गिऱ्हाइकाची. पण घर किंवा जमीन विकताना, साधी काळजी घेऊनही खरेदीदाराला सापडणार नाही असा मोठा दोष मालकाने सांगितलाच पाहिजे, असे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो. ज्यात मुले झोपणार, ज्यात गॅसची शेगडी पेटणार, ते चाकांवरचे असले तरी घरच आहे. माझ्या मते त्याला घराचाच न्याय लावायला हवा, कायद्याने भाग पाडले नाही तरी.

गप्प बसण्याने नुकसान फक्त घेणाऱ्याचे होते, असे आपण समजतो. अर्थतज्ज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन याहून खोल गोष्ट दाखवली. 2001 साली त्यांना मिळालेल्या नोबेलमागे हेच काम होते. चांगला माल कोणता आणि खराब कोणता हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल, तर ते सगळ्यांनाच सरासरी भाव देऊ करते. ज्याने आपला ट्रेलर दर वर्षी छपरावर चढून जपला, त्याला तो भाव परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. उरतो तो बिघडलेला माल. म्हणजे ओल लपवणारा माणूस शेजारच्या गल्लीतल्या प्रामाणिक मालकालाही लुबाडतो, ज्याला त्याने कधी पाहिलेलेही नसते.

प्रामाणिक विक्रेत्याची एक जुनी कथा आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला जाजली नावाच्या तपस्व्याची कथा सांगतात. त्याने इतके निश्चल तप केले की पाखरांनी त्याच्या जटांत घरटे बांधले. त्याला अभिमान झाला, तेव्हा धर्म शिकायला त्याला पाठवले गेले वाराणसीच्या तुलाधाराकडे, एका दुकानदाराकडे. त्याचा तराजू सर्वांसाठी सारखा होता आणि व्यवहारात कपट नव्हते. तपस्व्याने वाण्याकडे शिकायला जावे, ही या कथेतली गोष्ट मला फार मोठी वाटते.

आणि तराजू घेणाऱ्याच्याही हातात असतो. नवरा गेल्यावर अंगणातला ट्रेलर काढून टाकणाऱ्या आजीबाईंना त्याची किंमत माहीत नसते. निम्म्याहून कमी भाव त्या स्वतःच सांगतात. परवडणारे शोधत फिरणाऱ्या बापाच्या मनात तेव्हा आनंदच होणार. घासाघीस करण्यात गैर काही नाही, पण समोरच्याच्या अजाणतेपणावर मिळालेली स्वस्ताई आणि त्याने समजून दिलेली सूट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'बाजारात याला इतके मिळतात, मला इतकेच जमतील,' असे सांगून मग ठरवू द्यावे. कदाचित त्या तरीही कमीत देतील, मुले पाहून. कदाचित देणार नाहीत, आणि मग त्या कुटुंबाला पुढचा उन्हाळा येईपर्यंत शोधत राहावे लागेल.