पाहणे आणि भेटणे

गेल्या मे महिन्यात एका शनिवारी आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबासमवेत आम्ही गिरगावातील खोताची वाडी पाहावयास गेलो. वसईहून लोकलने चर्नी रोडला उतरलो. हमरस्ता सोडून त्या अरुंद गल्लीत शिरताच शहराचा कोलाहल मागे पडला. लाकडी सज्जे, बाहेरून वर जाणारे जिने आणि कौलारू छपरे पाहून मुले हरखली. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका खोताने येथील जमीन ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकली, असे सांगतात. एके काळी येथे सुमारे ६५ घरे होती. आज त्यांतील निम्मीही उरलेली नाहीत.

एका ओटीवर एक वृद्ध बाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांचे छायाचित्र टिपण्यासाठी मुलगा मोबाइल घेऊन पुढे सरसावला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “बाळा, घर बघायला आलास, की मला भेटायला?”

मुलगा ओशाळला. खरे सांगावयाचे तर आम्हीही ओशाळलो. कारण आमचीही दृष्टी कठड्याच्या नक्षीवरच खिळली होती.

बाईंनी आत बोलावून सरबत दिले. पावसाळ्यात छप्पर गळते, जुने लाकूडकाम जाणणारा सुतार मिळत नाही, मुले परदेशी असतात. “येणारे सगळे म्हणतात, घर विकू नका. पण फादर, कौले कोण परतून देणार?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. वारशाचा आनंद सर्वांनी लुटावा आणि त्याचे ओझे एकट्या म्हातारीने वाहावे, हा न्याय नव्हे. घर विकणे हे पाप आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. परंतु वाटेवरच्या जखमी माणसाला याजकाने पाहिले, लेव्याने पाहिले आणि शोमरोन्यानेही पाहिले. पाहण्यात तिघेही समान होते. भेद पडला तो पुढच्या पावलात. त्यांतला पहिला आमच्याच व्यवसायातला होता, याचा विसर आम्हाला पडू नये.

परतीच्या गाडीत कुटुंबप्रमुख गप्पच होते. त्यांच्या वडिलोपार्जित घराच्या जागी इमारत उभारण्याची बोलणी चालू आहेत आणि त्या घरात त्यांची आई एकटीच राहते. दुसऱ्या दिवशी मिस्सानंतर ते मुलांना घेऊन तिच्याकडे गेले. त्या घराचे पुढे काय होईल, ते आम्हाला ठाऊक नाही. मात्र त्या दिवशी तिचे मत प्रथमच विचारले गेले, एवढे तिनेच आम्हाला सांगितले.