परमुलखाची पदवी, मोडनिंबची बैठक

पुण्याहून सोलापुरास जाणारा महामार्ग आणि कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाणारा लोहमार्ग ज्या टापूत एकत्र येतात, त्या माढा तालुक्यातील मोडनिंब गावाने स्वतः जागचे न हलता चार विद्यापीठांचा अंमल पाहिला आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा हा मुलूख त्याच्या कक्षेत आला. १९४९ मध्ये पुण्यास विद्यापीठ निघाले आणि दप्तर तिकडे गेले. १९६२ मध्ये कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे वर्ग झाला. अखेर १ ऑगस्ट २००४ रोजी खुद्द सोलापुरास, केवळ या एका जिल्ह्यासाठी, विद्यापीठ उभे राहिले आणि पुढे त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी १९०६ साली पंढरपुरापर्यंत पोहोचली, तेव्हा या भागातील ज्या मोजक्या मुलांच्या नशिबी महाविद्यालय होते त्यांना कुर्डुवाडीस गाडी बदलून पुण्याची वा मुंबईची वाट धरावी लागे. त्या काळापासून आजवर विद्यापीठ पिढ्यांगणिक गावाच्या जवळ येत गेले, आणि ते अगदी जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन ठेपले असतानाच अशी सोय निर्माण झाली आहे की, मोडनिंबच्या मुलाने वा मुलीने घरच्या माडीवर बसून थेट लंडनच्या किंवा अमेरिकेतील विद्यापीठात नाव घालावे आणि उंबरठा न ओलांडता पदवीधर व्हावे.

ही गोष्ट आपणांस अपूर्व वाटते, परंतु पदवी आणि स्थान यांची फारकत दीडशे वर्षांहून जुनी आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ च्या राजसनदेने आपल्या परीक्षा महाविद्यालयात न शिकलेल्यांनाही खुल्या केल्या, आणि १८६५ साली त्या परीक्षा प्रथमच इंग्लंडबाहेर, मॉरिशस बेटावर, घेतल्या गेल्या. आपले मुंबई विद्यापीठ तर लंडनच्याच नमुन्यावर काढलेले. प्रारंभीची कित्येक दशके ते स्वतः कोणास शिकवीत नसे, केवळ परीक्षा घेई आणि सनदा देई. अध्यापनाचा भार महाविद्यालयांवर आणि अध्ययनाचा भार विद्यार्थ्यावर, अशी ती सरळ वाटणी होती. या इतिहासावरून माझ्या मनात जे मत दृढ झाले आहे ते असे की, परीक्षा दुरून घेता येते, व्याख्याने दुरून पाठविता येतात, सनदही दुरून येऊ शकते. परंतु अभ्यासाची बैठक, म्हणजे बसण्याची जागा, सोबतीला सहाध्यायी, अडल्यास विचारण्याजोगे माणूस आणि घराने राखून दिलेला वेळ, ही दुरून येत नाही. ती विद्यार्थ्याच्या गावातच उभी करावी लागते, आणि परदेशस्थ पदवीचे खरे मोल या अलीकडच्या बाजूवर ठरते.

महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाचा विचार करण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राइतके उपयुक्त उदाहरण दुसरे नाही. त्यांच्या विद्यार्जनाचे वर्णन करताना आपण न्यूयॉर्क आणि लंडन ही शहरे आवर्जून सांगतो. त्या दोन्ही ठिकाणच्या सर्वोच्च पदव्यांचा शेवटचा टप्पा मात्र मुंबईत पार पडला, ही बाब आपल्या लक्षातून निसटते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी दिली होती. त्या परवानगीचा उपयोग करण्याइतका पैसा हाताशी यावा म्हणून त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले, आणि स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधात परीक्षकांनी फेरफार सुचविले, तेव्हा पुढील वास्तव्याचा खर्च परवडण्यासारखा नव्हता. १९२३ साली ते मुंबईस परतले, प्रबंध येथेच सुधारला, लंडनकडे रवाना केला, आणि त्याच वर्षी डी.एस्‌सी. पदवी त्यांना मिळाली. कोलंबियाचेही तसेच. प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये छापून निघाला आणि पीएच.डी. रीतसर प्रदान झाली ती १९२७ साली, ते मुंबईत वकिली आणि लोककार्य करीत असताना.

मग हे दूरस्थ शिक्षण म्हणावयाचे काय? एका अर्थी होय, कारण समुद्रापलीकडच्या विद्यापीठाने मुंबईत बसलेल्या विद्यार्थ्याचे लेखन तपासून त्यास पदवी दिली. परंतु त्या टपालाच्या पुडक्यामागे काय उभे होते हेही पाहिले पाहिजे. कोलंबियात सेलिग्मन आणि ड्यूई यांच्यासारख्या गुरूंचा सहवास, लंडनमध्ये एडविन कॅनन यांचे मार्गदर्शन, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात काढलेले दिवसचे दिवस, आणि मुंबईस परतल्यावरही अखंड चाललेला ग्रंथसंग्रह, या सर्वांनी त्यांची अभ्यासाची बैठक इतकी पक्की करून ठेवली होती की अखेरचे अंतर टपालाने तुटू शकले. बैठक आधी झाली, टपाल नंतर आले. आज ऑनलाइन पदवीची जाहिरात हा क्रम उलटा करून दाखविते, आणि म्हणूनच ती वाचताना गावाकडच्या पालकाने थोडे थांबावे असे मला वाटते.

जेथे बैठक म्हणजे रुग्णाची खाट असते, तेथे तर टपाल सर्वस्वी अपुरे पडते. १८८३ साली आनंदीबाई जोशी यांनी समुद्र ओलांडला आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. वैद्यकासाठी तिकडे जाऊन राहण्यास पर्यायच नव्हता. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा चीनमध्ये वैद्यक शिकणारी भारतीय मुले, त्यांत महाराष्ट्रातीलही अनेक, घरी परतली आणि दोन वर्षांहून अधिक काळ ती फोनच्या पडद्यावर व्याख्याने ऐकत राहिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटल्यावर युक्रेनमधली मुलेही त्यांच्यात येऊन मिळाली. केवळ ऑनलाइन झालेले वैद्यकीय शिक्षण ग्राह्य धरणार नाही, असे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने बजावले होते. पुढे जुलै २०२२ मध्ये अंतिम वर्षाच्या मुलांना सवलत दिली, तीही एका वर्षाऐवजी दोन वर्षांची आंतरवासिता करण्याच्या अटीवर. कर्ज काढून मुलाला परदेशी धाडणाऱ्या घरांवर त्या दोन वर्षांत काय गुदरले असेल, याची कल्पना कोणासही करता येईल, आणि त्या मुलांविषयी मला मनापासून कळवळा वाटतो. तरीही आयोगाचा आग्रह मला रास्त वाटतो. नाडी पडद्यावरून पाहता येत नाही.

परंतु जे वैद्यकास लागू ते गणितास, अर्थशास्त्रास वा संगणकशास्त्रास तसेच्या तसे लावावे, हे मात्र मला पटत नाही. आपल्याकडील व्यवस्थेत येथे एक विसंगती आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केले की, मान्यताप्राप्त भारतीय संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची समजावी. परदेशी विद्यापीठाची पदवी याच रीतीने मिळविली तर मात्र भारतीय विद्यापीठ संघ तिला समकक्षतेचा दाखला देत नसे, असे दीर्घकाळचे धोरण होते. गोल्डस्मिथ्स महाविद्यालयाने घडविलेला लंडन विद्यापीठाचा संगणकशास्त्राचा ऑनलाइन पदवीक्रम २०१९ पासून चालू आहे. जॉर्जिया टेकने तर २०१४ सालीच संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी सुमारे सात हजार डॉलरांत देऊ केली, म्हणजे तिकडे जाऊन राहण्यास लागणाऱ्या रकमेच्या अत्यल्प अंशात. अशी पदवी घेतलेल्यास खासगी कंपनी आनंदाने नोकरी देईल. त्याने सरकारी पदासाठी किंवा येथील विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी दरखास्त केली की मात्र कचेरीत दाखल्याचा प्रश्न उभा राहील.

या कडकपणामागे कारण नाही असे नव्हे. तालुक्याच्या गावापर्यंत दलाल पोहोचले आहेत. परदेशी विद्यापीठाचे नाव आणि मधल्या कंपनीचा शिक्का असे कागद विकले जातात. डिसेंबर २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानेच जाहीर इशारा दिला की, काही महाविद्यालये आणि शिक्षण-तंत्रज्ञानाच्या कंपन्या परदेशी संस्थांशी परस्पर करार करून ऑनलाइन पदव्या देऊ करीत आहेत, त्यांस मान्यता नाही. हा इशारा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याजोगा आहे. पण लबाडी रोखण्याचा मार्ग पदवीगणिक परीक्षा करण्याचा असावा, विद्यार्थी कोठे बसला होता एवढ्यावरून सरसकट दार लावण्याचा नसावा. विद्यार्थी काय शिकला, त्याची परीक्षा कोणी, कोणाच्या देखत घेतली, हे प्रश्न विचारावेत. मॉरिशसच्या परीक्षेस सनदेची किंमत आली ती पर्यवेक्षकामुळे. मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२० साली सुरू केलेल्या ऑनलाइन पदवीक्रमात व्याख्याने घरी पाहतात, पण मुख्य परीक्षा नेमून दिलेल्या केंद्रावर समक्ष द्याव्या लागतात. मला ही वाट शहाणपणाची वाटते.

आता पुन्हा मोडनिंबच्या त्या माडीकडे येऊ. न्यूयॉर्कमधील दुपारी दोनचा वर्ग हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेबाराला भरतो. त्याच सुमारास, शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची असेल तर, घरातील कर्ते माणूस डाळिंबाला किंवा उसाला पाणी द्यायला रानात निघालेले असते, आणि शिकणारा मुलगा असला तर त्यानेच बॅटरी घेऊन जावे अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे; मुलगी असली तर रात्री कोणाशी बोलते, पहाटे का उठत नाही, याची चौकशी होणार. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाचा अभ्यास गावाला दिसतो, एस.टी. दिसते, दप्तर दिसते. माडीवर बसून दोन खंडांपलीकडचा अभ्यास करणारा मात्र बेकार समजला जातो, आणि कित्येकदा वर्षभरात त्यालाही स्वतःविषयी तसेच वाटू लागते. नेटची रेंज जाणे ही अडचण खरी, पण ती तात्पुरती. या एकाकीपणाची अडचण फार खोल आहे. समोरच्या चौकटीत चाळीस चेहरे असतात आणि व्याख्यान संपले की एकही उरत नाही. इंग्रजीचा उच्चार कळला नाही, एखादी सिद्धता अर्धवट समजली, तर विचारावयाचे कोणास? येथेच पुष्कळ मुलांची धाव संपते, आणि दोष बुद्धीला दिला जातो.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून गावोगावच्या महाविद्यालयांतून अभ्यासकेंद्रे उभारली, त्यामागे पहिले कुलगुरू राम ताकवले यांची हीच जाण होती की, मुक्त शिक्षणालाही एक छप्पर लागते. परदेशी विद्यापीठ मोडनिंबात असे छप्पर उभारणार नाही. ते आपल्यालाच उभारावे लागेल. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांस अनुदान मिळते. त्यांतील निदान मोठ्या बाजारपेठेच्या गावांतील वाचनालये रात्री बारापर्यंत उघडी राहावीत. तेथे खात्रीची वीज, इन्व्हर्टर आणि ब्रॉडबँड असावे. मुलींसाठी स्वतंत्र व सुरक्षित बैठक असावी. लंडनचा विद्यार्थी, मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी आणि स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी हे एका टेबलाशी बसावेत, आणि जवळच्या महाविद्यालयातील एखादा गणिताचा वा इंग्रजीचा प्राध्यापक आठवड्यातून दोन संध्याकाळी तेथे यावा, त्यास मानधन मिळावे. परीक्षेच्या वेळी याच खोलीत समक्ष पर्यवेक्षणाची सोय ठेवता आली तर दाखल्यावर घेतली जाणारी निम्मी हरकत आपोआप दूर होईल. परदेशी फीच्या मानाने हा खर्च क्षुल्लक आहे. आणि एका मुलाने भरलेली फी एकाच घराची राहते, या खोलीवर झालेला खर्च मात्र पुढच्या मुलाच्याही उपयोगी पडतो, मग त्याचे नाव सोलापूरच्या विद्यापीठात असो की समुद्रापलीकडच्या.