अतिथी, भिक्षा आणि घरचं मूल

दत्तजन्माची कथा आपण दरवर्षी भक्तिभावाने ऐकतो. ब्रह्मा, विष्णू, महेश अतिथी होऊन अत्रिऋषींच्या आश्रमात आले, माता अनसूयेने त्यांची बाळं केली आणि पाळणा हलला. कीर्तनात भर असतो तो सतीच्या सत्त्वपरीक्षेवर, आणि तो असायलाच हवा. पण त्याच कथेत आणखी एक गोष्ट घडते. दारी आलेला पाहुणा पाहुणा राहत नाही, तो घरचं मूल होतो.

अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. त्याला जेवू घालावं, हात जोडावेत, वाटेला लावावं, की गृहस्थाचा धर्म पुरा झाला. पण जो माघारी जाऊच शकत नाही त्याचं काय? त्याच्या पानात वाढलं म्हणजे आपलं देणं फिटलं का?

श्रीदत्तप्रभू माध्यान्हीच्या भिक्षेला करवीरात येतात आणि निद्रेला माहूरगडी जातात, अशी आपली श्रद्धा. म्हणजे कोल्हापूरकडे भिक्षा घालण्याचा मान, मुक्कामाचा नव्हे! मात्र याच करवीराशेजारी, वळिवड्याला, मुक्कामाची मोठी परीक्षा झाली, तीही एकदा नव्हे, दोनदा.

१९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका-मुलं. सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड घेतल्यावर १९४० पासून अशा कुटुंबांना सायबेरिया, कझाकस्तानकडे नेऊन टाकलं होतं. तिथून सुटका झाल्यावर ती इराणमार्गे हिंदुस्थानात पोचली. कोल्हापूरने त्यांना पोसलं, असं आपण कधीकधी अभिमानाने बोलतो. खरं सांगायचं तर सुरुवातीला खर्चाची तजवीज लंडनमधल्या पोलिश सरकारने केली होती. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकंसुद्धा होत. कोल्हापूरने दिलं ते अन्नाहून निराळं होतं. त्यांना त्यांच्या रीतीने, त्यांच्या भाषेत, त्यांच्या देवासह राहू दिलं. पुढे त्यांतले पुष्कळजण ब्रिटनमध्ये आणि आणखी दूरदूरच्या देशांत गेले. पण छावणीतली मुलं म्हातारपणी वळिवडं पाहायला परत आली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. निर्वासित म्हणून जिथे दिवस काढले, ते गाव पाहायला माणूस एवढ्या लांबून उगाच येत नाही. त्यांचं बालपण इथे राहिलं होतं.

पोलिश लोक गेले आणि त्याच जागी फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी बांधव वसले. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता काढायचा तर आसपासच्या गावांतली माणसं अजूनही तिकडेच जातात. हे लोक परत जाणारे नव्हते, त्यामुळे इथली कसोटी अवघड. माझ्या मते अशा ठिकाणी दानापेक्षा उधारी मोठी. हसू नका! भिक्षा घालताना समोरचा उद्या दिसेल की नाही, याचा आपण विचार करत नाही. उधारी मात्र त्यालाच देतो, जो उद्याही इथेच असणार असं आपण धरून चालतो. दोन्ही बाजूंनी वह्या लिहिल्या गेल्या की परकेपणाला जागा कमी उरते.

आता आजचं बघू. मार्गशीर्ष पौर्णिमेला वाडीत जन्मकाळाची गर्दी उसळते, तेव्हा शिरोळ भागात ऊसतोड जोरात असते. बीडकडून, मराठवाड्यातून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या शेतांच्या कडेला उभ्या असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; मुकादमाकडून उचल घेऊन ते आलेले असतात. महाप्रसादाला त्यांना कोणी नको म्हणत नाही. पण पंगत उठल्यावर? "चार महिन्यांनी जाणारच आहेत की," असं आपण म्हणतो. जातात, खरं आहे. आणि पुढल्या हंगामात पुन्हा कुठल्या तरी फडावर उतरतात. त्यांच्या लेकराचं निम्मं बालपण असंच जातं. त्या लेकराचं गाव कोणतं?

२०१९ च्या पुरात याच तालुक्यातल्या माणसांनी घरं सोडून शाळांत, मठांत आसरा घेतला होता. पाणी चढलं की वाडीत श्रींची उत्सवमूर्तीही वरच्या बाजूला हलवावी लागते. तेव्हा ही गोष्ट आपल्याला समजावून सांगायला नको.

करायचं काय, ते फार मोठं नाही. रेशनकार्ड आता दुसऱ्या गावीही चालतं, पण दुकान कुठलं आणि उघडतं कधी, हे कोपीत राहणाऱ्या बाईला कोणीतरी सांगावं लागतं. गरोदर बाई असेल तर अंगणवाडीताईंकडे तिचं नाव लिहून घ्यावं लागतं. पोराला शाळेत न्यायचं, तर पहिल्या दिवशी बरोबर जाणारं माणूस हवं, आणि ते गावातलंच हवं. यंदा उत्सवाची कामं वाटून घ्यायला बसाल, तेव्हा त्या यादीत एवढं एक काम लिहा आणि त्यापुढे कोणाचं तरी नाव घाला.